दुप्पट धरलेला आकडा

सोलापुरात सात रस्त्याला माझं नकाशे छापायचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर शिवानंद सरांचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात लाकडाचे एवढे तुकडे, की नवख्याला वाटावं इथे जळण विकतात. जिना एकच, आणि तो माझ्या काउंटरला घासून जातो. त्यामुळे सरांकडे कोण आलं, कोण हसत उतरलं, कोण तोंड पाडून उतरलं, हे मला न विचारता कळतं. दाक्षायणीला नसत्या चौकशा फार, असं लोक म्हणतात. आहेतच. दिवसभर यंत्राच्या घरघरीत बसायचं, तर माणसाने दुसरं करायचं तरी काय?

सर मूळचे अक्कलकोटकडचे. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि आकडेमोड करताना ओठांतल्या ओठांत पुन्हा कानडी. बरीच वर्षं एका खासगी पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं, मग शिकवणं चालू ठेवूनच स्वतःचं काम सुरू केलं. सोलापुरात इंजिनिअर गल्लोगल्ली आहेत, पण ते सगळे सिमेंट-लोखंडाचे. लाकडाची गणितं मनापासून करणारे आमच्याकडे सरच. कापडाच्या गोदामातला माळा, देवळापुढचा मंडप, कुणाच्या बंगल्यातला जिना, सगळे त्यांच्याकडे यायचे. शिवानंद सर इंचभर लाकूड जास्त घालू देत नाहीत आणि तरी त्यांचं काम कधी करकरत नाही, असं गावात बोललं जायचं. हे कानावर आलं की सर "छे छे, तसं काही नाही" म्हणायचे, पण त्या दिवशी जिना उतरतानाची त्यांची चाल वेगळी असायची. मी त्यावरून त्यांना चिडवायची आणि तेही खुशाल चिडवून घ्यायचे.

लाकूड कमी लागायचं त्याला कारण होतं, आणि सर ते कुणालाही समजावून सांगायचे. तुळईवर वजन आलं की ती वाकते, हे आपल्याला दिसतं. पण आतमध्ये, टेकूच्या जवळ, लाकडाचे लांब धागे एकमेकांवरून सरकायला बघतात. जाड वही दोन्ही हातांनी वाकवली की पानं सरकतात ना, तसं. पुस्तकात त्याला कर्तन म्हणतात, साइटवर सगळे शिअर म्हणतात. लाकडावर हा ताण किती येऊ द्यायचा, त्याचा मान्य आकडा कोष्टकात दिलेला असतो. सर शिकले त्या जुन्या परदेशी कोष्टकात तो मुद्दाम निम्मा करून छापलेला होता. तुळईचं टोक कधी ना कधी फाटणारच, असं कोष्टक करणाऱ्यांनी धरलं होतं. मात्र सोबत एक सवलत होती. तुमच्या तुळईचं टोक फाटलेलं नाही आणि फाटणारही नाही, अशी खात्री तुम्ही देत असाल तर आकडा दुप्पट धरा.

बाकीचे इंजिनिअर त्या सवलतीच्या नादी लागत नसत. वखारीत जाऊन टोकं तपासायची कुणी? सर तपासायचे. उकिडवे बसून, विजेरी धरून, एकेक टोक बघायचे आणि जिथे तडा नाही तिथे गेरूत बुडवलेला अंगठा उमटवायचे. मग त्यांचा नेहमीचा सुतार मल्लप्पा त्या टोकांना मेण चोपडून, वरून रंग देऊन ती बंद करायचा, म्हणजे लाकूड तिकडून भरभर वाळत नाही आणि फाटत नाही. हा मल्लप्पा कुंभारीचा. बोलायला कमी, कामाला चोख आणि सरांवर त्याची श्रद्धा. सरांनी सांगितलं असतं, तर त्याने रंधा उलटा धरूनही लाकूड तासलं असतं.

पुढे बाजारात परदेशी पाइन लाकूड यायला लागलं आणि सरांनी त्याची नवी कोष्टकं मागवली. ती छापायला माझ्याकडेच आणली होती. बोट ठेवून मला दाखवलं, "अक्का, हे बघा. शिअरचा आकडा जवळजवळ दुप्पट केलाय. आता कुठे ह्या लोकांचा लाकडावर विश्वास बसला." मला काय कळतंय? मी म्हटलं, "पेढे आणा मग." त्यांनी खरोखर आणले.

आता मुद्दा असा, की तो आकडा वाढला होता तो लाकडावर विश्वास बसला म्हणून नव्हे. टोक फाटणारच असं धरून निम्मं करायचं, ती जुनी पद्धतच त्यांनी बंद केली होती. म्हणजे पूर्वी आपण खात्री देऊन दुप्पट करायचो, ते आता आधीच करून छापलेलं होतं. सवलत काढून टाकली होती. सरांनी नवा आकडा घेतला आणि टोकं तपासून, अंगठा उमटवून, वर्षानुवर्षांच्या सवयीने तोही दुप्पट केला. एखाद्या आळशी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती, कारण तो त्या सवलतीच्या वाटेला कधी गेलाच नसता.

आणि वर्गातही सर तेच शिकवत राहिले. त्या वर्गात प्रियदर्शनी होती. सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातली मुलगी, वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि सुटीत सरांच्या ऑफिसात येऊन लाकडाचे तुकडे मोडून बघायची. आता पुण्यात एका मोठ्या ऑफिसात आहे. सरांना मूलबाळ नाही. ते तिच्याबद्दल बोलायला लागले की घड्याळाकडे बघायचं नाही, एवढं मी शिकले होते.

ह्या जानेवारीत ती गड्ड्याच्या यात्रेला म्हणून आली, आणि यात्रा सुरू व्हायच्या आधीच सरांकडे आली. सर तेव्हा माझ्याच दुकानात चहा पीत होते. मुलगी पाया पडली, पण नेहमीसारखी हसली नाही.

"सर, एक विचारायचं होतं. नव्या कोष्टकातला शिअर आपण दुप्पट करतो ना?"

"टोकं स्वतः तपासली असतील तरच," सर म्हणाले.

"मी तसंच केलं. मीटिंगमध्ये आमच्या साहेबांनी विचारलं, हे कुठे शिकलात? मी तुमचं नाव सांगितलं. ते हसले. मग मी त्यांच्याशी भांडले, सर. म्हटलं, आमचे सर चुकणार नाहीत. सगळ्यांसमोर म्हटलं." तिचा आवाज बारीक झाला. "मग त्यांनी कोष्टक कसं बदललं ते दाखवलं."

सर म्हणाले, छपाईची चूक असेल. मग म्हणाले, त्यांच्या देशातल्या लाकडापुरतं असेल. तिने फोनवर पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. सरांनी ते वाचलं, परत वाचलं. चहाचा कप टेबलावर ठेवताना बशीत उलटला. एवढ्या वर्षांत त्या माणसाचा चेहरा असा उतरलेला मी पाहिला नव्हता. कान लालबुंद झाले होते. ज्या मुलीने त्यांच्यासाठी भांडण ओढवून घेतलं, तिच्याकडे त्यांना बघवत नव्हतं.

"नव्या आकड्यावर तुमची कामं किती झालीत, सर?" तिने हळूच विचारलं.

"बघतो. सगळी बघतो," सर म्हणाले.

त्यांनी त्याच रात्री सगळी बघितली, हे मला कबूल करायलाच हवं. बाकीच्या कामांत तुळया लांब होत्या. तिथे वाकण्याचा हिशेब आधी आडवा येतो आणि लाकूड आपोआप जाड होतं, त्यामुळे शिअरच्या आकड्याने काही बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते एकाच ठिकाणी, मोडनिंबला हिंदुरावांच्या शेतात. हमरस्त्यालगत त्यांचं हुरडा पार्टीचं ठिकाण आहे. हुरडा भाजायच्या आगटीपासून थोडं दूर त्यांनी मल्लप्पाकडून मचाणासारखा उंच लाकडी माच बांधून घेतला होता. वर पंगत बसते आणि चारी बाजूंना ज्वारी दिसते. तुळया आखूड आणि वर माणसांची दाटी. नेमकं अशाच ठिकाणी शिअर महत्त्वाचा. हंगाम ऐन भरात होता आणि रविवारी माच माणसांनी गच्च भरायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सर म्हणाले, "अक्का, गाडी काढता का?" सरांना गाडी येत नाही. मी दुकानाचं शटर ओढलं.

वाटेत ते सारखं पुटपुटत होते. मला वाटलं, कसं सांगायचं ते जुळवताहेत. म्हटलं जुळवू दे. हिंदुराव मोकळा माणूस, चार शिव्या देईल आणि मग जेवायला बसवेल.

पोचल्यावर सर थेट माचाखाली गेले. एकेक टोक विजेरीने बघत फिरले. एका तुळईच्या टोकाला केसाएवढी भेग होती. लाकूड वाळताना अशा भेगा पडतातच, त्यांनी काही होत नाही, हे सरांनीच मला कितीदा सांगितलेलं. ती भेग बघून सर थबकले. त्या क्षणी त्यांच्या तोंडावर मला जे दिसलं, त्याची मला आजही शिसारी येते. सुटका दिसली.

"हिंदुराव, टोकाला तडा गेलाय," सर म्हणाले. "माच आजपासून बंद. खाली लोखंडी खांब लावून घेऊ. तोवर वर कुणी चढायचं नाही."

"आत्ता? अवो पण नवं लाकूड हाय की! तडा कसा काय गेला?"

सरांनी विजेरी विझवली. "टोकं नीट बंद झाली नसतील."

"म्हंजी मल्लप्पानं कामात कुचराई केली म्हना की."

सर नाही म्हणाले नाहीत. खांबांची मापं सांगायला लागले.

परतीच्या वाटेवर मी तोंड सोडलं. म्हटलं, "सर, त्या भेगेने माच पडला असता का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मग त्या गरिबाच्या गळ्यात का बांधलंत?" त्यावर म्हणाले, "माणसं खाली उतरली ना, अक्का? ते महत्त्वाचं होतं. बाकीचं मी सांगतो नंतर." मी एवढी संतापले की सोलापूर येईपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. तुम्ही म्हणाल, मग तूच का नाही सांगितलंस? सरांची चूक माझ्या तोंडून फुटली असती तर मल्लप्पाला न्याय मिळाला असता, पण सर माझ्या आड लपले असते. मला ते नको होतं. त्यांनी स्वतः सांगावं म्हणून मी रोज जिन्याशी उभी राहून त्यांच्याकडे रोखून बघायची, आणि ते रोज चपलांकडे बघत वर जायचे.

खांब लागले, माच पक्का झाला, पण लोक विचारणारच, वरची पंगत का बंद? हिंदुराव येईल त्याला सांगत सुटले, मल्लप्पाने काम बिघडवलं. हुरडा खायला सगळा जिल्हा येतो, त्यामुळे बातमी कुंभारीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तिथल्या एका मंगल कार्यालयाच्या व्यासपीठाचं काम मल्लप्पाकडून काढून घेतलं. सरांनाच कुणीतरी फोन करून विचारलं होतं, दुसरा चांगला सुतार सुचवा म्हणून. त्यांनी फोन कापला आणि संध्याकाळपर्यंत दार लावून बसले. मी वर चहा पाठवला, तो तसाच खाली आला.

गड्ड्याची यात्रा उठली, त्याच सुमारास एका सकाळी मल्लप्पा दुकानात आला. मी त्याला पटकन ओळखलं नाही, कारण त्याच्या डोळ्यांवर कोरा करकरीत चष्मा होता. सर नुकतेच येत होते. नेहमी सरळ वर जाऊन खुर्चीत बसणारा मल्लप्पा जिन्याच्या पायरीवरच टेकला.

"सायेब, माजी चूक झाली," तो म्हणाला. "मी लई इचार केला. टोकं मी सोताच्या हातानं बंद केलीती. तडा असता तर मला दिसायला पायजे हुता. दिसला न्हाय म्हंजे डोळंच गेलं म्हनायचं. म्हनून नंबर काडून आलो." त्याने चष्म्याला बोट लावलं. "डॉक्टर म्हनतोय, फार काय न्हाय. पर मीच म्हनलं, द्या. माज्यापायी तुमच्या नावाला बट्टा लागला, सायेब. ह्यापुडं मोठ्या कामावर मला बोलवू नगा. मी आपलं पाट-चौरंग करीन."

असं म्हणून त्याने वाकून सरांचे पाय धरले.

सर मागे सरकले ते माझ्या काउंटरवर आदळले. कागदांची चळत खाली गेली. एखाद्याने चारचौघांत अंगावरचे कपडे ओढावेत तसे ते आक्रसून उभे होते. मला त्यांची कीव आली नाही. मला मल्लप्पाकडे बघून रडू फुटत होतं.

"ऊठ," सर म्हणाले. "ऊठ, मल्लप्पा. गाडीत बस. अक्का, मोडनिंबला जायचं."

ह्या वेळी ते पुटपुटत नव्हते. मल्लप्पा मागे अंग चोरून बसला होता. हिंदुराव आणखी बोल लावणार, एवढंच त्याला वाटत असावं.

हिंदुराव आगटीपाशी कणसं भाजवून घेत होते. दोन कुटुंबं सतरंजीवर बसून हुरडा खात होती. सर त्यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि वर्गात शिकवायचे तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "हिंदुराव, मल्लप्पाची काही चूक नाही. चूक माझी. माझा हिशेब चुकला. जो आकडा घ्यायचा, त्याच्या दुप्पट मी घेतला. त्या तड्याचा काही संबंध नाही. तुम्ही ज्याला ज्याला मल्लप्पाचं नाव सांगितलंत, त्याला त्याला आता माझं सांगा."

हिंदुराव हातातलं कणीस तसंच धरून त्यांच्याकडे बघत राहिले. मग हसले. चांगल्या मनाने हसले, हीच पंचाईत.

"सर, कळतंय की मला. गरिबाचं काम जातंय म्हनून सोताच्या अंगावर घेताय. पर तुमी आन् चुकनार? तालुक्याला ठावं हाय तुमचं काम." सतरंजीवरच्या लोकांकडे वळून म्हणाले, "बगा, मानूस असा असतोय. दुसऱ्याचं पाप बी आपल्या डोक्यावर घेतोय."

त्यातल्या एका बाईंनी सरांना नमस्कार केला. मल्लप्पाही हात जोडून म्हणाला, "माज्यासाटी तुमी खोटं बोलू नगा, सायेब."

सरांनी पुन्हा सांगितलं. कोष्टक कसं बदललं, सवलत कशी गेली, सगळं सांगितलं. हिंदुराव मान डोलवत होते, कीर्तनात डोलवतात तशी, आणि त्यांना एक अक्षर पटत नव्हतं. सरांना घाम फुटला होता. खरं बोलून लाज कमी होईल असं त्यांना वाटलं असणार. इथे तर त्यांची आरती चालली होती.

मी म्हणाले, "हिंदुरावदादा, मला माहीत आहे, सर खरं बोलताहेत." तर हिंदुराव म्हणाले, "ताई, तुमी बी त्यांच्याच शेजारच्या."

तेव्हा सरांनी खिशातून फोन काढला. कुणाला लावताहेत ते माझ्या ध्यानात आलं. जगात जिच्यापुढे मान ताठ राहावी असं त्यांना वाटायचं, ती एकच होती. त्यांनी आवाज मोठा केला आणि फोन हिंदुरावांसमोर धरला.

"प्रियदर्शनी, मी मोडनिंबला आहे. माचाचे मालक आणि सुतार समोर आहेत. माझं काय चुकलं, ते तू त्यांना सांग. मी सांगतोय ते त्यांना खरं वाटत नाही."

पलीकडून ती म्हणाली, "सर, मी कसं सांगू?"

"सांग. माझ्यासाठी सांग."

तिने सांगितलं, शांतपणे आणि स्वच्छ. लाकूड चांगलं होतं, सुतारकामाचा काही दोष नाही, कोष्टकात आधीच वाढवलेला शिअरचा आकडा सरांनी पुन्हा दुप्पट केला, आणि टोकं बंद केली नसती तरी हिशेब तेवढाच चुकला असता. हिंदुरावांचं हसू ओसरत गेलं. कणीस त्यांनी खाली ठेवलं. मल्लप्पा कान देऊन ऐकत होता, आणि त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना मला दिसलं. मला बरं वाटलं. वाटलं, संपलं एकदाचं.

पण ती पोर थांबली नाही. सरांवरची माया तिला गप्प बसू देईना.

"काका, सरांना नावं ठेवू नका," ती म्हणाली. "गड्ड्याच्या आधी मी त्यांना ही चूक दाखवली, आणि दुसऱ्याच दिवशी ते तुमच्याकडे आले की नाही? दुसरा कुणी असता तर लपवलं असतं, नाहीतर कुणावर तरी ढकललं असतं. सरांनी तसं केलं नाही. म्हणून मी अजूनही सगळ्यांना सांगते, मी त्यांची विद्यार्थिनी आहे."

आगटीत कणसं तडतडत होती. हिंदुराव आधी सरांकडे, मग मल्लप्पाकडे बघायला लागले. मल्लप्पा दोन पावलं पुढे आला. त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर सोपं गेलं असतं.

"सायेब, म्हंजी त्या दिशी हितं आलावता, तवा तुमाला ठावं हुतं?"

सरांनी फोन बंद केला नाही. तो तसाच हातात, सगळ्यांच्या मधे धरलेला होता.

"होतं," सर म्हणाले. "मला ठाऊक होतं, आणि मी तुझ्यावर ढकललं."

फोनमधून तेवढी प्रियदर्शनी विचारत राहिली, "सर? कुणावर ढकललं, सर?"